उन्हाळ्यात काय विणावे?



व्याख्यानमाला म्हटली की संतवाङ्मय, इतिहास, शेती, विज्ञान असे भारदस्त विषय डोळ्यांसमोर येतात. त्या पंक्तीत आम्ही सुया आणि क्रोशा घेऊन बसणार हे ऐकल्यावर चालकांना थोडे हसू आले आणि ते त्यांनी लपवलेही नाही. त्यांनी एवढेच विचारले, "बाई, ऐन वैशाखात लोकरीवर बोलणार का?" आम्ही म्हटले, "लोकरीवर नाही, लोकर खाली ठेवण्यावर बोलणार." तेव्हा कोठे विषय मंजूर झाला.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. आम्ही 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणासाठी नव्हे. घोटीतल्या आम्ही सहा-सातजणी गेली काही वर्षे दुपारची झाकपाक उरकली की एकीच्या पडवीत विणायला जमतो. येथे उभी एकच आहे, कारण ध्वनिक्षेपक एकच आहे. बोलणे मात्र सगळ्यांचे आहे आणि चुकाही सगळ्यांच्या आहेत.

त्यातली सर्वांत मोठी चूक आधी सांगून टाकतो, म्हणजे हा विषय आम्ही का घेतला ते कळेल.

तीन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकीच्या लेकीला चैत्रात मुलगा झाला. बाळंतविड्यात बाजारचे काही द्यायचे नाही, सगळे हाताने विणायचे, असा आम्ही हट्ट धरला. फिकट पिवळ्या लोकरीचे टोपडे, बंद गळ्याचा स्वेटर, मोजे, वर दुपटे. पंधरा दिवस आम्ही त्यावर खपलो. टोपड्याला तर कानांवर येणारी दुहेरी पट्टी केली. बारशाच्या दिवशी बाळाला तो सगळा साज चढवला. जो येई तो म्हणे, काय सुरेख विणले आहे! आलेल्या प्रत्येकाला दाखवायचे म्हणून तो साज दिवसभर उतरला नाही. दुसऱ्या दिवशीही पाहुणे होते, म्हणून दुसऱ्या दिवशीही उतरला नाही. संध्याकाळी मूल रडू लागले ते राहीना. कोणी म्हणाले पोट दुखते, कोणी म्हणाले दृष्ट लागली. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. शेवटी शेजारच्या आजी आल्या. त्यांनी काही न विचारता बाळाच्या मानेमागून स्वेटरात दोन बोटे घातली आणि म्हणाल्या, "अगं, लेकराला निजवताय की उकडताय?"

टोपडे काढले तेव्हा केस घामाने चिकटले होते. मान आणि पाठ घामोळ्यांनी लाल झाली होती. सकाळी डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी मूल ठीक असल्याचे सांगितले आणि मग आम्हा सगळ्यांना एक धडा दिला. जन्मल्यावर पहिले काही तास-दिवस बाळाला ऊब हवीच. कमी वजनाच्या बाळाला तर ती डॉक्टर सांगतील तशी आणि सांगतील तितके दिवस हवी. पण वेळेवर जन्मलेल्या धडधाकट मुलाला भर उन्हाळ्यात घरात टोपडे-मोज्यांत कोंडू नये, कारण तान्ह्या मुलाला फार उकडणे हे नुसते घामोळ्यांवर निभावतेच असे नाही. पारख सोपी आहे. बाळाच्या पोटाला हात लावावा आणि तळपायाला लावावा. दोन्ही कोमट असतील तर बाळ सुखात आहे. पोट कोमट आणि पाय गार असतील तर त्याला थंडी वाजते आहे. मान घामेजलेली आणि अंग तापलेले असेल तर कपडे काढावेत.

विणणाऱ्यांना कोणी एक शब्द बोलले नाही, आणि तेच आम्हाला जास्त लागले. आमचे टाके एकसारखे होते, माप बरोबर होते, शिवणी सरळ होत्या. आणि इतके सगळे बरोबर असून वस्तू चुकीची होती.

त्या दिवसापासून आमच्या पडवीत नियम झाला की होळी झाली की नमुना निवडण्याआधी धागा निवडायचा, आणि धाग्याआधी हे ठरवायचे की ही वस्तू कोणाच्या अंगावर, किती वाजता असणार आहे. ऐकायला हे अगदी साधे वाटते. पण आम्हा विणणाऱ्यांची सवय नेमकी उलटी असते. पुस्तकातले चित्र आवडते, मग त्या रंगाची लोकर मिळते, मग सुया, आणि ज्याच्यासाठी विणायचे त्याचा विचार शेवटी, तोही छातीच्या मापापुरता.

आता आम्ही वारंवार 'लोकर' म्हणत आहो. पण आपण बाजारातून लोकर म्हणून जे गुंडे आणतो त्यांतला मेंढीच्या अंगावरचा भाग किती? बहुतेक गुंड्यांत मुळीच नाही. ते ॲक्रिलिक, म्हणजे रासायनिक रीतीने केलेला धागा. स्वस्त, रंगीत, धुवायला सोपा. थंडीच्या दिवसांत आम्हीही तो वापरतो. पण त्याला घाम प्यायची सवय नाही. धागे हवेतला ओलावा किती धरतात याची मोजदाद वस्त्रशास्त्राने केली आहे. अगदी कोरड्या धाग्याच्या वजनाच्या मानाने खरी लोकर सुमारे १६ टक्के ओल धरते, कापूस सुमारे साडेआठ टक्के आणि ॲक्रिलिक जेमतेम दीड-दोन टक्के. म्हणजे अंगाचा घाम अंगावरच राहतो आणि वर धाग्याची पांघरणी बसते. आमच्या पिवळ्या टोपड्यात हेच झाले होते.

धागा कसला आहे हे चिठ्ठीवर नसेल तर घरी पाहता येते. वीतभर तुकडा चिमट्यात धरून थाळीवर जाळावा, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवावा आणि मुलांना लांब बसवावे. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राखाडी राख राहते. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि तिची राख बोटांत चुरडते. ॲक्रिलिक वितळते आणि गार झाल्यावर काळा टणक मणी उरतो. आम्ही एकदा एका दुकानातून 'शुद्ध सुती' म्हणून आणलेले चार गुंडे असे तपासले, तर दोनांचे मणी झाले. दुकानाचे नाव सांगत नाही. दुकानदारालाही ते ठाऊक नसावे.

खऱ्या लोकरीवर मात्र आमचा राग नाही. आपल्या भागात लोकरीचे स्थान जुन्या माणसांनी फार अचूक ओळखले होते. भाताच्या खाचरात भर पावसात उभा राहणारा माणूस डोक्यावरून घोंगडी घेई, कारण लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही. तीच घोंगडी वैशाखात अंगावर घ्या म्हटले तर तो हसला असता. उन्हात त्याच्या अंगावर सुती बंडी आणि डोक्याला मुंडासे. पावसाला लोकर आणि उन्हाला कापूस, हा हिशोब घोटीला नवा नाही. तो बिघडला तो आम्ही विणकाम पुस्तकांवरून शिकलो तेव्हा. ती पुस्तके मुळात थंड देशांतल्या नमुन्यांवर बेतलेली. शाळेत सुलट-उलट टाके शिकवले तेही लोकरीच्या मफलरीवरच. पुढे १९६२ साली चिनी आक्रमणाच्या वेळी हिमालयातल्या जवानांसाठी देशभर बायकांनी स्वेटर, मोजे, कानटोप्या विणल्या. आमच्यापैकी दोघींच्या आया त्या वेळी सुया धरायला शिकल्या आणि त्याचा त्यांना शेवटपर्यंत अभिमान होता. तो योग्यच होता. तेथे बर्फ होते. पण त्यामुळे विणकाम म्हणजे लोकर आणि लोकर म्हणजे थंडी अशी गाठ मनात पक्की बसली, आणि संक्रांत उलटली की सुया ट्रंकेत जाऊ लागल्या.

वास्तविक सुयांवरच्या विणकामाचे जे अगदी जुने नमुने जगात सापडले आहेत ते इजिप्तमधले आहेत. सुमारे अकराव्या शतकापासूनचे ते मोजे आणि मोज्यांचे तुकडे आहेत. त्यांतले कितीतरी सुती आहेत, पांढऱ्या आणि निळीने रंगवलेल्या सुताचे. नाईलकाठचे ऊन आपल्याहून सौम्य नाही. ज्या कामाचे इतके जुने नमुने उष्ण देशात आणि कापसात मिळतात ते काम उन्हाळ्यात करू नये असे म्हणायला आधार काय?

आणि इतके दूर जायचे कारणच नाही. शेजारच्या त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते. आपल्या इगतपुरी तालुक्यातली दारणा पुढे तिला मिळते. हेच पाणी पार आंध्रात समुद्राजवळ पोचते तेथे गोदावरीच्या वसिष्ठ शाखेच्या काठी नरसापूर नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी तेथे क्रोशा शिकवला आणि आज त्या भागातल्या हजारो बायका बारीक सुती दोऱ्याची जाळी विणतात. किनाऱ्यावरची ती दमट, चिकट हवा आपल्या वैशाखापेक्षा बिकटच. तरी बारमाही काम चालते, कारण धागा सुती, सुई बारीक आणि काम तळहाताएवढे. या बायकांच्या मजुरीवर मारिया मीस या जर्मन अभ्यासिकेने १९८२ साली पुस्तक प्रसिद्ध केले. दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास विणूनही त्यांच्या कामाला 'घरबसल्या फावल्या वेळचे' म्हटले जाते आणि दामही तसाच मिळतो, हे तिने दाखवले. हा विषय निराळ्या व्याख्यानाचा आहे. पण 'बसल्या बसल्या दोन रुमाल विणून द्या ना' असे म्हणणाऱ्यांनी एक रुमाल किती तासांचा असतो हे एकदा जवळ बसून पाहावे, एवढे म्हणून पुढे जातो.

घोटीच्या बाईला विणायला वेळ केव्हा मिळतो, हाही विचार करा. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरांच्या वर पडतो. मृग लागला की पेरणी, मग आवणी. ज्या घरात शेत आहे तेथल्या बाईचे हात चिखलातून निघत नाहीत. दिवाळीच्या सुमाराला भात कापणीला येते, मग झोडणी, मग गिरणी. ज्या थंडीत पुस्तके विणायला सांगतात त्या थंडीत आमच्या अर्ध्या मैत्रिणी खळ्यावर असतात. राब भाजून झाले की खाचरे रिकामी, आणि दुपारी उन्हामुळे बाहेर पडवत नाही, असा काळ म्हणजे हाच, चैत्र-वैशाख. लग्नसराईही हीच आणि रुखवतही याच दिवसांत मांडायचे. म्हणून उन्हाळी विणकाम ही चैन नाही. येथल्या कित्येकींना वर्षात विणायला मिळणारे तेवढेच दोन महिने आहेत. मात्र काम असे निवडले पाहिजे की ते मृगाच्या आत पुरे होईल. अर्धवट सुती काम पावसाळ्यात पडून राहिले तर त्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते जात नाहीत. हे आम्ही एका अर्ध्या पलंगपोसावर शिकलो.

पलंगपोसाचे नाव निघाले म्हणून सांगतो, उन्हाळ्यात एकसंध मोठे काम घेऊ नका. विणलेला भाग मांडीवर साठत जातो. मे महिन्यात दुपारी अडीच वाजता मांडीवर सव्वा शेर विणकाम घेऊन बसून पाहा, म्हणजे आम्ही काय म्हणतो ते कळेल. पलंगपोस हवाच असेल तर चौकोन करा. एक चौकोन एका बैठकीत होतो, पिशवीत मावतो, स्टेशनवर गाडीची वाट पाहताना काढता येतो. जोडणी पुढच्या वर्षी झाली तरी बिघडत नाही.

धाग्याविषयी थोडे. क्रोशाच्या सुती दोऱ्याला नंबर असतात. नंबर मोठा तसा दोरा बारीक. शिकणारीने १० नंबर घ्यावा, हात बसला की २०. ४० नंबर दिसायला सुंदर, पण चष्मा लागलेल्यांनी त्याच्या नादी लागू नये. दोऱ्याला जी चमक असते ती पॉलिशची नसते. जॉन मर्सर या इंग्रजाने सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधून १८५० साली तिचे पेटंट घेतले. सूत त्या वेळी ताणून धरले तर त्याला चकाकी येते हे पुढे १८९० च्या सुमाराला होरेस लो याने दाखवले. असा दोरा बळकट असतो आणि रंगही चांगला धरतो. विणायच्या सुयांचे जुने नंबरही असेच उलटे असतात. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर, १० नंबरची सव्वातीन, १२ नंबरची पावणेतीन. बारीक सूत एरवी १२ वर विणायचे ते उन्हाळ्यासाठी १० किंवा ८ वर विणावे. टाके सैल पडतात, मधून वारा जातो, काम लवकर वाढते आणि सूतही कमी लागते. धागा पुढे घेऊन दोन टाके एक केले की भोक पडते. उन्हाळ्यात या भोकांवर कंजुषी करू नये. व्हिस्कोजचे झुळझुळीत धागे आता मिळतात. ते अंगाला गार लागतात, पण ओले झाले की कमकुवत होतात आणि लोंबतात. आमचे त्यांच्याशी फारसे जमले नाही.

आता काय विणावे? आम्हाला विचाराल तर पहिली वस्तू म्हणजे पाण्याच्या तांब्यावरचे जाळीचे झाकण. आपल्या आज्यांच्या घरी ते असे, कडेला काचेचे मणी असत आणि ते मणी शोभेचे नव्हते. मण्यांच्या वजनाने जाळी खाली ओढून बसते, वाऱ्याने उडत नाही, माशी-चिलट आत जात नाही आणि ताकाला हवा लागते. २० नंबरचा दोरा घ्यावा, सव्वा मिलिमीटरची क्रोशाची सुई. आठ साखळ्या करून गोल जोडावा, पहिल्या फेरीत त्यात चोवीस खांब घालावेत. दुसऱ्या फेरीत एक खांब सोडून एकावर खांब आणि मध्ये तीन साखळ्या. पुढे त्या साखळ्यांच्या कमानींत खांब घालत फेऱ्या वाढवाव्यात. हिशोब चुकला का हे मोजत बसू नये. काम पाटावर पसरावे. कडा वाटीसारखी वर उचलली तर खांब कमी पडले, लाटांसारखी झाली तर जास्त झाले. मणी मात्र आरंभीच दोऱ्यात ओवून ठेवावे लागतात. शेवटी आठवण झाली तर दुसरा दोरा जोडून कड करावी लागते. झाकण तांब्याच्या तोंडाहून चहूबाजूंनी दोन बोटे मोठे असावे. दोन दुपारी पुरतात. रुखवतात प्लॅस्टिकच्या फुलांपेक्षा अशी पाच झाकणे ठेवली तर नव्या नवरीच्या घरी ती दुसऱ्या दिवसापासून उपयोगी पडतील.

बाजाराची जाळीची पिशवी हेही चांगले उन्हाळी काम आहे. मात्र ती पाहिजे त्याहून आखूड करावी, कारण दोन किलो बटाटे घातले की ती आपोआप लांब होते. बंद मुक्या खांबांनी करावेत, नाहीतर बोटांत रुततात. आमच्या पहिल्या पिशवीची जाळी इतकी मोठी होती की आठवडे बाजारातून घरी येईपर्यंत लसूण वाटेवर सांडत आला.

अंगावरच्या कपड्यांत आम्ही फार सावध झालो आहोत. आमच्यातल्या एकीने यजमानांसाठी सुताचा बिनबाह्यांचा स्वेटर विणला. लोकरीच्या मापाने, लोकरीच्या पुस्तकावरून. घातला तेव्हा झकास बसला. धुऊन दोरीवर टांगला. तिसऱ्या धुण्याला तो मांडीपर्यंत आला. यजमान काही बोलले नाहीत, एवढेच की तेव्हापासून तो त्यांनी घातला नाही. लोकर ताणली तर परत येते, सूत परत येत नाही, आणि ओले झाले की स्वतःच्या वजनाने खाली ओढले जाते. म्हणून आधी चार बोटांचा चौकोन विणावा, तो धुवावा, खाली कपड्याचा चिमटा लावून टांगावा, आणि वाळल्यावर मोजावा. कपडा तुकड्यातुकड्यांत विणून शिवावा, म्हणजे शिवणी त्याला धरून ठेवतात. आणि वाळवताना दोरीवर न टांगता बाजेवर पसरावा. इतकी खटपट नको असेल तर तिकोनी जाळीची खांदपट्टी करावी. दिवसभर कितीही तापले तरी संध्याकाळी घाटाकडून वारा सुटतो आणि ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला खांद्यावर काहीतरी हलके हवे असते. दोनशे ग्रॅम सुतात ती होते, आणि माप चुकले तरी चालते.

आता तान्ह्या मुलांकडे परत येतो. त्या बारशानंतर आम्ही सुताची झबली विणून पाहिली. पहिले जाळीचे केले, हवा जावी म्हणून. ते शेजारच्या आजींना दाखवले. त्यांनी आपल्या करंगळीचे टोक जाळीत घातले आणि म्हणाल्या, "ह्यात त्याचं बोट अडकलं तर?" खरेच होते. लहान मुलाचे बोट जाळीत किंवा सुटलेल्या दोऱ्यात अडकून आवळले तर रक्त थांबते, आणि मूल का रडते ते लवकर कळत नाही. मग घट्ट विणले, तर ते जड झाले. तेव्हा आजींनी आपल्या ट्रंकेतून वापरून मऊ झालेले सुती लुगडे काढून दिले. त्याचे झबले शिवले, पुढे बंदांचे, गुंडी नाही. आणि त्याच्या बाह्यांना आणि खालच्या काठाला मुक्या खांबांची बोटभर कड केली. गळ्याला काही केले नाही, कारण घामोळे प्रथम गळ्यालाच येते. दोऱ्याची टोके आत ओवून बंद केली आणि उलट बाजूने हात फिरवून पाहिला.

त्या झबल्यात विणकाम बोटभरच आहे. आम्हाला आधी जरा कमीपणा वाटला. पंधरा दिवसांच्या पिवळ्या साजापुढे हे दोन तासांचे काम! पण गेल्या दोन उन्हाळ्यांत आम्ही अशी चौदा झबली दिली, आणि ती धुऊन धुऊन विरली तेव्हा आयांनी पुन्हा मागितली. पिवळा साज कोणी पुन्हा मागितला नाही.

हातांविषयी दोन शब्द. घामेजल्या हातांनी पांढरा दोरा मळतो आणि लोखंडी सुईला गंज चढून दोऱ्यावर तांबूस डाग पडतात. म्हणून जवळ ओला पंचा ठेवावा, दर अर्ध्या तासाने हात पुसावेत, गुंडा झाकणाच्या डब्यात ठेवून दोरा भोकातून काढावा. सूत लोकरीसारखे लवत नाही, त्यामुळे मनगट लवकर दुखते; दुखले की थांबावे. रात्री दिव्याखाली गडद रंग विणू नये. काम संपले की धुऊन, कडकडीत वाळवून मगच ठेवावे आणि पावसाळ्यासाठी ठेवताना खळ करू नये, खळीला कसर लागते.

नमुने बाहेरच्या टेबलावर मांडले आहेत. हात लावायला हरकत नाही, फक्त सुयांवरचे टाके उतरू देऊ नका. टेबलाच्या एका टोकाला ते पिवळे टोपडे आहे. बाळाच्या आजीने आजच्यासाठी मुद्दाम दिले आहे. शेजारी लुगड्याचे झबले आहे. एक मूठ टोपड्यात घाला, दुसरी झबल्यात, आणि दोन मिनिटे तशीच ठेवा. वीज गेलेली असेल तर फारच उत्तम.